खिद्रापूरचा कोपेश्वर: एका भिंतीपाशी दोन तास

कृष्णाकाठी

नवरात्र संपता संपता आईला घेऊन खिद्रापूरला कोपेश्वराच्या देवळात जाऊन आले. माझी ही तिसरी खेप. पहिली सातवीत असताना, वाडीला (नृसिंहवाडीला) दत्ताचं दर्शन झाल्यावर आलोच आहोत तर जाऊ म्हणून. त्यातलं डोळ्यापुढे एवढंच आहे की देवळाच्या छताला मोठं गोल भोक आहे आणि त्यातून पारवे आत येतात. दुसरी कॉलेजात असताना, बारा जणांच्या घोळक्यात. पाऊण तासात सगळं देऊळ फिरून झालं. शंभरेक फोटो काढले आणि त्यातला एकही नंतर उघडून बघितला नाही.

या वेळी तसं झालं नाही, त्याला कारण आईचे गुडघे. तिचं माहेर शिरोळ तालुक्यातलं. लहानपणी ती बैलगाडीतून इथे यायची, त्यामुळे देऊळ तिच्या चांगल्या ओळखीचं. सकाळी साडेसातच्या सुमाराला पोचलो. दर्शन घेतलं, बाहेरून प्रदक्षिणेला निघालो आणि दक्षिणेच्या भिंतीपाशी ती म्हणाली, "तू ये पुढं जाऊन, मी इथंच टेकते." तिला एकटीला सोडून जावंसं वाटेना, म्हणून मीही शेजारी बसले. दहा मिनिटं म्हणून बसलो, त्याचे दोन तास झाले.

बसलो तेव्हा ऊन पूर्वेकडून भिंतीला अगदी घासून येत होतं. भिंत सरळ नाहीच, चांदणीच्या टोकांसारखी कोनाकोनांनी आतबाहेर होते. एका कोनावर लख्ख ऊन आणि त्याला लागूनच काळोख. खालच्या अंगाला गजथर आहे, हत्तींची रांग, सगळं देऊळ पाठीवर तोलून उभी. बहुतेकांच्या सोंडा तुटल्यात. याआधी दोनदा मला तेवढंच दिसलं होतं, तुटलेल्या सोंडा. आता समोरच्या एकाच हत्तीकडे बघत राहिले तेव्हा त्याच्या गळ्यातल्या दोराचा पीळ दिसला. काळ्याकभिन्न दगडात कोणीतरी दोर वळला होता. मग शेजारचा हत्ती पाहिला. त्याची मान जराशी वळलेली, पाय वेगळा टेकलेला. रांग म्हणून पाहताना सगळे सारखे वाटले होते, आणि तसे ते नव्हते.

तासाभरात ऊन वर चढलं आणि भिंत बदलली. मघाशी जिचा चेहरा ठसठशीत दिसत होता त्या सुरसुंदरीचे, म्हणजे भिंतीवरच्या अप्सरेसारख्या स्त्री-मूर्तीचे, डोळे कपाळाच्या सावलीत गेले. तिच्या छातीवरची माळ मात्र मणी मोजता यावेत इतकी स्वच्छ झाली. आई एकदम म्हणाली, "मघाशी ती हसत होती गं." मीही तेच बघत होते. सकाळी आठला हसणारी ती बाई साडेनऊला गंभीर झाली होती. दगड तोच, फक्त उन्हाने जागा बदलली.

निघण्याआधी आम्ही परत आत गेलो आणि स्वर्गमंडपात बसलो. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी: हा देवळाचा पुढचा खुला मंडप. मधल्या वर्तुळात बारा खांब, त्यांच्यावर एकेक थर आत सरकत जाणारं दगडी छत, आणि मध्यावर साधारण तेरा फुटांचं गोल उघडं आकाश. कडेने आपापल्या वाहनांसह दिक्पाल, म्हणजे दिशांचे रक्षक देव, शिवाय मोरावरचा कार्तिकेय. खाली त्या गोलाएवढीच एक अखंड शिळा. खांबांवर गोल कंगोरे इतके सफाईने फिरवलेत की बोट फिरवायचा मोह होतो. तो आवरायला हवा.

मला तुमच्याशी बोलायचंय ते हे की कोरीव देऊळ बघायचं कसं. मी आता ठरवलंय की पुढच्या वेळी एकच बाजू बघायची आणि बाकीचं देऊळ त्याच्या पुढच्या वेळेसाठी ठेवायचं. तुम्ही कसं बघता? असं कुठल्या देवळाने तुम्हाला धरून बसवलंय का? आणि जाणकारांना एक प्रश्न: छत मुळातच उघडं ठेवलंय की राहून गेलंय?

दगडफूल

फार आतून लिहिलंय. दिवाळीच्या सुट्टीत दोन मुलांना घेऊन कोल्हापूरला येतोय, आता खिद्रापूर नक्की. मुलगी नऊ वर्षांची, मुलगा सहाचा. कसं जायचं, किती वेळ ठेवायचा, आणि मुलांना कंटाळा येऊ नये म्हणून काय करता येईल?

कृष्णाकाठी

कोल्हापूरहून जयसिंगपूर, तिथून नृसिंहवाडी, कुरुंदवाड आणि मग खिद्रापूर. साधारण साठ किलोमीटर, पण शेवटचा टप्पा ऊसगाड्यांमुळे सावकाश होतो, त्यामुळे दोन तास धरा. रेल्वेने येणाऱ्यांना मिरज किंवा जयसिंगपूर सोयीचं. शक्य असेल तर आदल्या रात्री वाडीला मुक्काम करा आणि पहाटे निघा. देवळाचं तोंड पूर्वेला आहे, सकाळचं ऊन समोरून आत येतं. ते चुकवू नका.

मुलांसाठी वही आणि पेन्सिल न्या, मोबाईल गाडीत ठेवा. देवळावर पंचतंत्रातल्या गोष्टी कोरल्यात, त्यातली मगर आणि माकडाची गोष्ट त्यांना शोधायला सांगा. कुठे आहे ते मी मुद्दाम सांगत नाही.

मुक्काम पोस्ट खिद्रापूर

ताई, गावचं नाव वाचलं आणि बरं वाटलं. आमी इथलेच. लोक येतात, वर बगून "वा" म्हणतात आणि वाडीला बासुंदी खायला जातात. तुमी दोन तास बसलात, आईंना नमस्कार सांगा.

नवीन येणाऱ्यांसाठी देवाची गोष्ट सांगतो. दक्षाच्या यज्ञात सतीनं देह टाकला, महादेव कोपले, म्हणून हा कोपेश्वर. त्यांना शांत करायला विष्णू आले, ते धोपेश्वर. म्हणून आमच्या गाभाऱ्यात दोन लिंगं हायत, दोन्हींची पूजा हुते. आणि समोर नंदी न्हाई. सती माहेरी गेली ती नंदीवर बसून, त्यामुळं नंदी तिकडं. नदीपल्याड कर्नाटकात यडूरला हाय तो. बाहेरची माणसं विचारतात, नंदी चोरीला गेला का? न्हाई वो. आमच्या देवाचा नंदी दुसऱ्या गावात हाय एवढंच, आणि तो तिकडून हिकडंच बगतो असं आमची म्हातारी माणसं सांगतात.

आणि गावात आल्यावर आदिनाथाचं जैन मंदिरबी बगा. ते जुनं हाय, त्याच्यावरबी काम हाय. त्याच्याकडं कुणी वळत न्हाई.

पुराचं एक सांगतो. २०१९ च्या ऑगस्टला कृष्णेनं गावाला वेढा दिला. देवळात पाणी, हत्तींच्या डोक्यावर पाणी. आमी गाव सोडून छावणीत. पंधरा दिवसांनी परत आलो तर घराघरात चिखल, आणि देवळातबी तोच चिखल. ज्याच्या घरच्या भिंती पडल्या तोबी आधी देवळात झाडू घिऊन आला. २०२१ ला परत तेच. हे दगड आठशे वर्षं कृष्णेचं पाणी पीत आलेत.

भूमिज

मूळ लेखातल्या प्रश्नावर. छताबद्दल अभ्यासकांत दोन मतं आहेत आणि दोन्ही ऐकण्यासारखी आहेत.

पहिलं मत: छत मुद्दाम उघडं ठेवलं. खालची गोल शिळा आणि वरचं तोंड एकमेकांशी जुळतं. कडेवरच्या मूर्ती पूर्ण झालेल्या आहेत. मंडपात होम-हवन होत असेल तर धुराला वाट हवी, असंही सांगितलं जातं.

दुसरं मत: काम राहिलं. अशा छतात प्रत्येक थर खालच्यापेक्षा थोडा आत सरकवत नेतात आणि शेवटी मधल्या शिळेने तोंड बंद करतात. इथे थर आत सरकत येतात, पण ती शेवटची शिळा नाही. दुसऱ्या मताला इतिहासाचाही थोडा आधार आहे. हा भाग कोल्हापूरच्या शिलाहार राजांचा, गंडरादित्य, विजयादित्य, दुसरा भोज यांचा. देवळाच्या कामाचा मोठा भाग त्यांच्या काळातला, म्हणजे बाराव्या शतकातला मानतात. इ.स. १२१२ च्या सुमाराला देवगिरीच्या यादव सिंघणाने दुसऱ्या भोजाला हरवलं आणि शिलाहारांचं राज्य संपलं. त्यानंतर दोनेक वर्षांतच याच देवळात सिंघणाचा संस्कृत लेख कोरला गेला, कोपेश्वराच्या पूजेसाठी गाव दान दिल्याचा. राज्य बदललं की कारागिरांचा पगार देणारा हातही बदलतो. काम थांबायला तेवढं कारण पुरतं.

माझं स्वतःचं मन पहिल्या मताकडे झुकतं, आणि ते त्या शिळेमुळे. छत बंदच करायचं असतं तर त्याच्या बरोबर खाली, त्याच मापाची शिळा इतक्या काटेकोरपणे का बसवली असती? रंगशिळा, म्हणजे नाच-गाण्यासाठीची मधली शिळा, मंडपात असते हे खरं, पण माप जुळणं मला योगायोग वाटत नाही.

सिंघणाचा लेख देवनागरीत आहे. इथले बाकीचे बहुतेक शिलालेख जुन्या कन्नडमध्ये आहेत. गाडी लावून थेट आत जाणाऱ्यांना ते दिसत नाहीत. एकदा त्या अक्षरांपाशीही थांबा. आज आपण जिला सीमा म्हणतो, ती या दगडांना माहीत नव्हती. देणगी देणाऱ्याला देऊळ आपलं वाटलं की त्याने आपल्या भाषेत ते लिहून ठेवलं.

उंबरठा

थोडा वेगळा सूर लावतो, राग मानू नका. त्रिपुरी पौर्णिमेला तिथे हजारो दिवे लावतात, त्याचे फोटो सगळीकडे फिरतात. सुंदर दिसतं, मान्य. पण तेल दगडावर सांडतं, काजळी खांबांवर बसते, आणि गर्दीत लोक कोरीव कामाला टेकून उभे राहतात. संरक्षित वास्तू आहे ही. १९५८ च्या कायद्यात २०१० साली दुरुस्ती झाली, संरक्षित वास्तूची नासधूस केली तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. मी एका दुसऱ्या देवळात सुरसुंदरीच्या पोटावर खिळ्याने कोरलेलं बदामाचं चित्र पाहिलं आणि त्या दिवशी जेवण गेलं नाही. आपण कौतुकाचे धागे लिहितो आणि त्याने गर्दी वाढते, याचाही विचार व्हावा.

पाथरवटाचा नातू

उंबरठा यांचं दुखणं मला कळतं. माझे आजोबा आणि वडील दोघे पाथरवट. पाटे-वरवंटे, जाती, उखळं, आणि मागणी असेल तेव्हा देवळाच्या पायऱ्या. म्हणून दगडाच्या बाजूने दोन गोष्टी सांगतो.

हा काळा दगड म्हणजे बेसॉल्ट, ज्वालामुखीच्या लाव्ह्याचा, सहा कोटी वर्षांहून जुना. आजोबा त्याला "पोलादी" म्हणायचे. यात टाकी (दगड फोडायची छिन्नी) चालवणं म्हणजे दिवसभरात बोटभर काम. टाकीचं टोक दर थोड्या वेळाने बोथट होतं. मग ती भट्टीत घालायची, ठोकून टोक काढायचं, पाणी द्यायचं आणि परत बसायचं. आजोबांच्या शेजारी सहा-सात टाक्या असायच्या आणि त्यांना टोक काढत ठेवायला एक माणूस. तेही पाट्याला टाके घालताना. इथे तर दोराचा पीळ काढलाय.

लोक कर्नाटकातल्या बेलूर-हळेबीडच्या देवळांशी तुलना करतात, "तिथलं काम जास्त बारीक आहे" म्हणतात. बेलूरचं देऊळ १११७ चं, म्हणजे काळ फार लांबचा नाही. पण तिथला दगड वेगळा, शंखजिऱ्याच्या जातीचा. खाणीतून काढल्यावर मऊ असतो, सुरीने कोरावा तसा कोरला जातो आणि पुढे हवेने कठीण होत जातो. तिथल्या शिल्पकारांची करामत मी कमी लेखत नाही, त्यांनी मूर्तीच्या पायाशी आपली नावंही कोरून ठेवलीत. पण दोघांना एका तराजूत घालू नका. बेसॉल्टमध्ये चूक झाली तर ती पुसता येत नाही. टवका उडाला की उडाला. म्हणून इथले कारागीर नक्षी खोल नेण्याआधी आकार पक्का करायचे, आणि म्हणून इथल्या मूर्तींच्या अंगाला एक भरीवपणा आहे. बारीकपणा कमी असेल, वजन जास्त आहे.

कोरीव देऊळ कसं बघायचं, याचं उत्तर आजोबा एका वाक्यात द्यायचे: "झालेलं बघू नको, राहिलेलं बघ." जुन्या देवळात कुठेतरी कोपऱ्यात, पाठीमागे, उंच थरात काम अर्धवट सोडलेलं सापडतं. कमळाच्या आठ पाकळ्यांतल्या पाच झालेल्या आणि तीन नुसत्या रेषा. तिथे कळतं की आधी काय केलं, मग काय केलं. पूर्ण झालेल्या मूर्तीत कारागीर लपलेला असतो. अर्धवट कामात तो हातात टाकी घेऊन समोर बसलेला दिसतो.

आता तेलाबद्दल. हा दगड घट्ट आहे, तेल फार आत जात नाही. पण वर जो थर बसतो त्यावर धूळ चिकटते, मग आणखी तेल, आणखी धूळ. काही वर्षांनी नक्षीची खोबण भरून जाते. खरा धोका त्यानंतर येतो. कोणीतरी हौसेने ते घासायला निघतं, तारेचा ब्रश, अॅसिड, वाळूचा फवारा. त्यात टाकीचे घाव जातात, ज्यावरून आम्ही काम ओळखतो. काही गावांत तर अख्ख्या हेमाडपंती देवळाला ऑइलपेंट फासलाय. आपली माणसं प्रेमानेच करतात ते, म्हणून जास्त वाईट वाटतं.

मुक्काम पोस्ट खिद्रापूर

उंबरठा दादा, राग कशाचा? खरं बोललात. पण आमच्याकडनंबी ऐका. गावाला हे देऊळ म्हणजे देव हाय. दिवा लावू नका म्हटलं तर गाव ऐकणार न्हाई, आणि का ऐकावं? ज्या दिवशी दिवा लागायचा बंद हुईल त्या दिवशी हे फक्त दगड राहतील. मग पूर आल्यावर झाडू घिऊन कोण यील?

पण मधला रस्ता हाय. पणत्या खांबाला टेकवून, मूर्तीपाशी ठेवायच्या न्हाईत, खाली फरशीवर, खाली पत्रावळ नाहीतर ताटली घालून. तेल कमी घालायचं. सकाळी गावातली पोरं सगळं गोळा करतात. आमी पोरांना सांगायला लागलोय. बाहेरनं येणाऱ्यांनी एवढं पाळलं तरी पुष्कळ.

उंबरठा

ताटलीची कल्पना चांगली आहे. आणि झाडूचं तुमचं म्हणणं मनाला लागलं. गर्दीला एकच माप लावण्याची चूक माझ्याकडून झाली, देवाला येणारा आणि फोटोला येणारा यांत फरक आहे.

नक्षत्रवेडी

त्रिपुरीचा विषय निघालाच आहे तर आकाशाचं गणित मांडते, कारण या छताची खरी गंमत मला तिथे सापडली.

पौर्णिमेला चंद्र सूर्याच्या बरोबर समोर असतो. कार्तिक पौर्णिमेच्या दिवसांत सूर्य विषुववृत्ताच्या दक्षिणेला पंधरा ते वीस अंशांवर गेलेला असतो, म्हणून चंद्र साधारण तितकाच उत्तरेला. खिद्रापूरचा अक्षांश साधारण १६.७ उत्तर. म्हणजे त्या रात्री चंद्र या गावाच्या जवळजवळ थेट डोक्यावरून जातो! चंद्राची कक्षा पाच अंशांनी कललेली असल्यामुळे दर वर्षी थोडा इकडे-तिकडे सरकतो, पण एकंदरीत डोक्यावरच. आपलं घड्याळ ८२.५ रेखांशावरचं आणि खिद्रापूर त्याच्या बरंच पश्चिमेला, त्यामुळे इथली खरी मध्यरात्र घड्याळात बारा वाजून गेल्यावर होते. तेव्हा चंद्र बघायचा तर बाराच्या ठोक्याला निघून येऊ नका. त्यानंतरचा अर्धा तास थांबा.

माघी पौर्णिमेलाही गणित साधारण असंच जमतं, पण त्रिपुरीला पाऊस नुकताच संपलेला, हवा धुतलेली, आणि सण आहे.

सूर्याचंही असंच. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात सूर्य खिद्रापूरच्या माथ्यावर येतो, तो शून्य सावलीचा दिवस. त्या दुपारी वरच्या गोलातून पडणारा उन्हाचा गोल खालच्या शिळेवर नेमका बसला पाहिजे, कारण दोन्हींचं माप एक. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा तसंच, पण तेव्हा ढग. कारागिरांनी हे धरून छत बांधलं की नाही, हे गणितावरून सिद्ध होत नाही, या अक्षांशावरच्या कुठल्याही उघड्या छताला हे लागू आहे. पण भूमिज म्हणतात तसं, त्या शिळेकडे बघून मलाही वाटतं की कोणीतरी वर बघत होतं.

आणि कृष्णाकाठीताई, तुमची हसणारी सुरसुंदरी. तुम्ही गेलात तो काळ विषुवदिनाच्या, म्हणजे दिवस-रात्र सारखे असतात त्या दिवसाच्या, जवळचा. तेव्हा सूर्य जवळपास थेट पूर्वेला उगवतो, म्हणून दक्षिणेच्या भिंतीला सकाळचं ऊन अगदी कडेने घासून जातं. कोरीव काम पाहायला यासारखा प्रकाश नाही. डिसेंबरात तीच भिंत दिवसभर उन्हात असते, उजळ पण जरा सपाट. आणि उत्तरेच्या भिंतीवर भर दुपारी ऊन हवं असेल तर मे ते जुलैशिवाय मिळत नाही. एकाच देवळाच्या चार भिंतींचे चार हंगाम आहेत.

कृष्णाकाठी

नक्षत्रवेडी, हे वाचून अंगावर काटा आला. आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "आमच्या आजीला हे गणित नव्हतं येत, पण ती बारा वाजल्यावरच आम्हाला उठवून आत न्यायची."

लोकलचा प्रवासी

कृष्णाकाठी, तुम्ही विचारलंय की कुठल्या देवळाने धरून बसवलं. माझं उत्तर अंबरनाथ. वीस वर्षं त्या स्टेशनावरून रोज जात होतो आणि देवळात गेलो नव्हतो. शके ९८२ चा, म्हणजे १०६० चा लेख आहे तिथे, शिलाहार मामवाणीच्या काळचा. हे उत्तर कोकणचे शिलाहार, खिद्रापूरचे कोल्हापूरचे, घराण्याची शाखा वेगळी. बाहेरची भिंत इतकी भरलेली की बोटभर जागा मोकळी नाही, आणि गाभारा पायऱ्या उतरून जमिनीच्या खाली, थंड आणि जवळजवळ रिकामा. आईच्या आजारपणात एकदा गाडी चुकली म्हणून गेलो. बाहेरच्या त्या गर्दीतून खाली त्या शांततेत उतरलो आणि बराच वेळ वर आलो नाही. त्यानंतर दर महिन्याला जातो. तुमची एक बाजू एका खेपेला ही पद्धत मी न ठरवता पाळत आलोय.

सिन्नरचं गोंदेश्वरही याच कारणासाठी आवडतं. तिथे मधलं मोठं देऊळ आणि चार कोपऱ्यांना चार लहान, विष्णू, गणपती, पार्वती आणि सूर्य. शाळेतल्या मुलांना भूमिज शिखर (लहान शिखरांच्या रांगा एकावर एक चढवलेलं) म्हणजे काय ते दाखवायला यापेक्षा चांगली जागा नाही. शिखर जपून राहिलंय. खिद्रापूरचं शिखर नंतरचं, विटांचं आणि चुन्याचं आहे, आणि खालच्या कामाशी त्याची जात जुळत नाही हे मनातून सलतं.

दगडफूल

जाऊन आलो! या धाग्यामुळे जे पाहिलं त्याचा हिशोब देतो.

वाडीला मुक्काम केला, पहाटे निघालो, उजाडताना देवळात. मुलांना वह्या दिल्या. मगर आणि माकड मुलाने शोधलं, आणि ते कोरलेलं गोष्टीतल्यासारखं का नाही यावर दोघांची चर्चा झाली. मुलगी म्हणाली की दगडात पाणी काढता येत नाही म्हणून मगरच पाणी आहे. यावर मी काही बोललो नाही.

मग ती हत्ती काढायला बसली. मी सांगितलं होतं, सोंड तुटलीय तिथे पूर्ण काढ, कशी असेल त्याचा अंदाज करून. तिने ऐकलं नाही. जिथे तुटलंय तिथेच रेघ थांबवली. चार हत्ती काढले, चारही वेगळ्या ठिकाणी तुटलेले, आणि चौघांच्या माना वेगळ्या. पाथरवटाचा नातू यांचं वाक्य मी तिला वाचून दाखवलं नव्हतं, तरी परत येताना तिने विचारलं, एका खांबाच्या खालचं फूल पूर्ण का नाही केलं? त्याला जेवायला बोलावलं असेल का? आम्ही मागे वळून परत त्या फुलापाशी गेलो. खरंच, पाकळ्या अर्ध्या, बाकी नुसती आखणी. मी तीन वेळा त्याच्यावरून गेलो होतो.

एक अडचण सांगून ठेवतो. सभामंडपात अंधार बराच आहे आणि लहान मुलं तिथे घाबरू शकतात. माझा मुलगा माझा सदरा धरून चालला. पण तिथे थोडा वेळ उभं राहिल्यावर डोळे सरावतात, आणि मग खांब एकामागून एक पुढे येतात. बॅटरी लावायची घाई करू नका.

आदिनाथाचं मंदिरही पाहिलं. सांगितलंत म्हणून.

पाथरवटाचा नातू

त्या फुलाचा तुमच्या मुलीने काढलेला कागद जपून ठेवा. आजोबा असते तर त्यांनी तिला मांडीवर बसवून उरलेल्या पाकळ्या कुठून सुरू करायच्या ते सांगितलं असतं. मी सांगतो: मधल्या शिरेपासून. आधी शीर, मग दोन्ही काठ, आणि तळाचा खोलगट भाग सगळ्यात शेवटी. ज्याने ते फूल सोडलं त्याच्या शिरा आखून झालेल्या असणार. पुढच्या वेळी जाल तेव्हा तेवढं बघा.

कृष्णाकाठी

आम्ही त्रिपुरीला परत जातोय. आईच्या गुडघ्यांना आराम नाही, पण ती ऐकत नाहीये. या वेळी आम्ही उत्तरेच्या भिंतीपाशी बसणार, चांदण्यात, दिवसा नाही. बारानंतरचा अर्धा तास स्वर्गमंडपात. मुक्काम पोस्ट खिद्रापूर, ताटल्या आम्ही घरूनच आणतोय, अकरा पणत्यांच्या अकरा. आई आज दुपारपासून वाती वळतेय, आणि आखूड वळतेय, म्हणजे तेल कमी लागेल.

मुक्काम पोस्ट खिद्रापूर

या. आईंसाठी खुर्ची ठेवतो भिंतीपाशी. उत्तरेकडं जमीन जरा ओली असते, चपला जाड घाला.